अष्टग्रहीतली मोट

माणिकबाईला कोणी विचारलं की जग कधी सुरू झालं, तर ती म्हणायची, "मले काय मालूम? मी आली तवा चालूच होतं." आणि कधी संपेल असं विचारलं तर फुलांची टोपली डोक्यावर घेऊन चालायलाच लागायची. पण एकोणीसशे बासष्टच्या जानेवारीत हा प्रश्न तिच्या दारात येऊन बसला, आणि तिला उत्तर शोधावंच लागलं. कारण उत्तर मिळालं नसतं तर तिची एकशेवीस झाडं मेली असती.

अंजनगाव सुर्जीपासून कोसभरावर तिचा मळा. नवरा चंद्रभान, पोरगी एकच, शकुन, ती अकोल्याला दिलेली. थोडा भाजीपाला, थोडा झेंडू, आणि विहिरीच्या पलीकडे संत्र्याची बाग. बाग म्हणजे माणिकबाईचंच खूळ. पंचावन्न साली शेंदुरजन्याहून बैलगाडीनं कलमं आणली तेव्हा चंद्रभान म्हणाला होता, "सा वर्षं झाडाले पोसाचं अन् सा वर्षानं फळ, इतकं थांबते कोन?" ती म्हणाली, "मी थांबतो." बस. सत्तावनच्या उन्हाळ्यात त्यांचा एक बैल बसला, मोट बंद पडली, तर ही बाई डोक्यावर घागरी वाहून कलमं जगवत होती. मान अशी आखडली की महिनाभर मागं वळून बघायचं झालं तर अख्खी वळायची. जानराव, म्हणजे शेजारच्या शेताचा मालक, चिडवायचा, "वयनी, पोलिसावानी वळून राह्यल्या तुमी!" ती हसायची आणि पुढची घागर उचलायची.

आता ताण म्हणजे काय ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. संत्र्याला आपोआप भरघोस फुलं येत नाहीत. डिसेंबरात झाडाचं पाणी तोडायचं, पार बंद. झाड उपाशी राहतं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात. नवखा माणूस बघेल तर म्हणेल की मेलं. आणि मग संक्रांत झाली की आठ-दहा दिवसांत पाणी सोडायचं. त्याला ताण तोडणं म्हणतात. पाणी लागलं की झाड असं खडबडून उठतं की महिन्याच्या आत पांढरीशुभ्र फुलं. हा आंबिया बहार. पण पाणी सोडायचा दिवस चुकला, ताण जास्त झाला, की झाड खरंच मरतं. मधली रेघ अगदी बारीक असते.

एकसष्टच्या डिसेंबरात माणिकबाईच्या बागेला आयुष्यातला पहिला ताण दिला होता. सहा वर्षं थांबली होती ती. सहा वर्षं!

आणि नेमकी तेव्हाच अष्टग्रही आली.

आठ ग्रह एका राशीत येणार, तीन फेब्रुवारी ते पाच फेब्रुवारी, आणि मधल्या रविवारी, चार तारखेला, जगाचा अंत होणार. कोणी म्हणे भूकंप, कोणी म्हणे समुद्र इथपर्यंत येणार. अंजनगावात समुद्र! पण लोक ऐकत होते. चावडीवर कोणीतरी पेपर वाचून दाखवायचं आणि बायका पदर तोंडाला लावायच्या. शकुनचं अकोल्याहून कार्ड आलं की तिकडच्यासारखे इकडेही यज्ञाचे मांडव उभे राहिले, लोक आपापल्या गावी परत चालले, बाबांना सांभाळ. तिनं बरोबर ओळखलं होतं. कारण चंद्रभान पार कोलमडला होता. चांगला माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण लहानपणी पटकीच्या साथीत एका आठवड्यात आई आणि दोन भाऊ गेलेले त्यानं पाहिले होते. जग एका आठवड्यात संपू शकतं हे त्याला कोणी पटवून द्यायची गरजच नव्हती.

संक्रांत झाली. माणिकबाई म्हणाली, "उद्या मोट जुपा. ताण तोडा लागते."

चंद्रभान खाटेवर बसला होता. म्हणाला, "पाच तारखेनंतर पाहू."

"पाच तारखेले झाडाचा कोयसा होईन!"

"झाडाचं काय घेऊन बसली वं? मानसं राह्यत नाई तं झाडं कोनासाठी?"

"अन् राह्यले तं?"

ती रोज विचारायची, तो रोज तेच सांगायचा. ती रोज बागेत जायची आणि खोडाची साल नखानं जराशी खरवडून बघायची. आत हिरवं दिसलं की झाड जिवंत. वीस तारखेला हिरवं होतं. पंचवीसला फिकं हिरवं. अठ्ठावीसला विहिरीपासून लांबच्या शेवटच्या ओळीत, जिथं जमीन मुरमाड होती, तिथं पिवळट. ती तिथंच झाडाखाली बसली आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं तिला वाटलं, की आपण वाट कशाची बघतोय?

घरी आली तर गोठा रिकामा.

"बैल कोठी हाये?"

"यज्ञाले दिले," चंद्रभान म्हणाला. "लाकडं वाहाले. साऱ्यायनं दिले, मीनं बी दिले. अन् मी बी चाललो उद्यापासून मांडवात. आठ दिवस नामस्मरनाले बसतो. तू बी चाल."

माणिकबाई जोरानं ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं असं चंद्रभान नंतर म्हणायचा. ती फक्त म्हणाली, "मले इचारलं नाई तुमीनं," आणि चूल पेटवायला बसली. पण आत काहीतरी ठरलं होतं. तिचं ठरलं की ठरलं, मग गाडीखाली आली तरी गाडीच थांबायची.

तिचा रोजचा नेम असा की सकाळी अंजनगावात जाऊन नारायण महाराजांकडे पूजेची फुलं टाकायची. नारायण महाराज म्हणजे गावातले मोठे भिक्षुक, यज्ञाचे मुख्य आचार्यही तेच. अठरा वर्षं ती त्यांच्या ओट्यावर फुलं टाकत होती, आणि अठरा वर्षं पूजेच्या सुरुवातीला ते म्हणायचे ते ओट्यावरून ऐकत होती. एका शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, पण चाल पाठ होती. मध्येच "द्वितीये परार्धे" यायचं, मग "कलियुगे प्रथमचरणे" यायचं, आणि तिथं ती नेहमी टोपली रिकामी करायची.

तीस जानेवारीला तिनं टोपली रिकामी केली नाही. उभी राहिली.

"महाराज, एक इचारू काय? रागावसान नाई ना?"

महाराज चंदन उगाळत होते. "विचार की."

"तुमी पूजेच्या आंधी रोज जे म्हंता, ते हाये तरी काय?"

महाराजांना हसू आलं. "अठरा वर्षांनी विचारतेस होय! संकल्प आहे तो. तुझ्या शकुनला कार्ड टाकतेस तर पत्ता लिहितेस ना, गाव, तालुका, जिल्हा? तसा देवाला आपला पत्ता सांगायचा. कोण, कुठून आणि कधी बोलतोय."

"कधी मंजे?"

"काळाचा पत्ता. बघ, ब्रह्मदेवाचं आयुष्य शंभर वर्षांचं. आपली नव्हे, त्याची वर्षं, प्रचंड मोठी. त्यातली पन्नास झाली. एक्कावन्नाव्या वर्षाचा पहिला दिवस चालू आहे. द्वितीय परार्ध म्हणजे तेच, आयुष्याचा दुसरा अर्धा भाग."

"दिवसातली कोनती येळ झाली?"

महाराज थांबले. हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "दुपार व्हायची आहे अजून."

"अन् ते कलियुगाचं?"

"कलियुग चार लाख बत्तीस हजार वर्षांचं. त्यातली पाच हजार आणि वर थोडी झाली. म्हणून प्रथमचरण, पहिला पाय. अजून..."

आणि महाराजांचा हात सहाणेवरच थांबला.

माणिकबाई बोलली ते अगदी साधेपणानं बोलली, टोमणा वगैरे काही नव्हता. "मंग रविवारी कसं संपन, महाराज?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता. महाराजांनी आपल्या वकील भावाला, सगळं कुटुंब घेऊन, अमरावतीहून बोलावून घेतलं होतं. काय व्हायचं ते सगळ्यांचं एकत्र होऊ दे म्हणून. ज्या माणसानं चाळीस वर्षं रोज सकाळी देवाला सांगितलं की दुपार व्हायची आहे, तोच माणूस घरात माणसं गोळा करून संध्याकाळची वाट बघत बसला होता.

"आंधी काय होतं?" माणिकबाईचं चालूच. "ब्रह्मदेवाच्या आंधी?"

"दुसरा ब्रह्मदेव."

"त्याच्या आंधी?"

"आणखी एक."

"मंजे सुरुवातच नाई?"

"पोथीत तरी सापडत नाही," महाराज हळूच म्हणाले.

"अन् त्याचा दिवस सरला की?"

"रात्र. सगळं थांबतं. काही उगवत नाही, काही हलत नाही. पण बीज राहतं. सकाळ झाली की पुन्हा सगळं फुटतं."

माणिकबाईचे डोळे चमकले. "हे तं आमच्या बागेवानी झालं! झाड ताणावर ठेवलं मंजे असंच दिसते, मेल्यावानी. पन मरत नाई ते. मंग पानी कोन सोडते, महाराज?"

"आं?"

"ब्रह्मदेवाची रात सरल्यावर पानी कोन सोडते? ताण कोन तोडते? कोनी तं तोडत असन ना!"

महाराज प्रामाणिकपणे म्हणाले, "मला माहीत नाही, माणिकबाई."

"तिथलं मले बी मालूम नाई," ती म्हणाली, "पन माह्या बागेत मलेच सोडा लागते. अन् बैल तुमच्या यज्ञात हायेत."

आणि ती ओट्यावर बसली. फुलांची टोपली मांडीवर. उठेचना. त्या दिवशी मांडवात पहिल्या आहुतीआधी हारांसाठी झेंडू लागणार होता आणि तो सगळा त्या टोपलीत. महाराजांनी टोपलीकडे पाहिलं, माणिकबाईकडे पाहिलं, आणि उपरणं खांद्यावर टाकलं. "चल," म्हणाले.

मांडव गच्च भरलेला. धूर, टाळ, खोकला. चंद्रभान दुसऱ्या रांगेत डोळे मिटून बसला होता. महाराज थेट त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चंद्रभान, बैल घेऊन जा. मळ्यात पाणी सोड."

चंद्रभान घाबरून उठला. "काहून महाराज? काई चुकलं काय माह्यं?"

"चुकलं ते माझं. रोज संकल्पात सांगतो की कलियुगाचा पहिला पाय चालू आहे, आणि इथं बसून तुम्हाला सांगतो की रविवारी संपणार. दोन्ही एका तोंडानं कसं सांगू?"

मांडवात कुजबुज उठली. जानराव मागून ओरडला, "मंग यज्ञ काहून मांडला, महाराज? तूप सस्तं झालं काय?"

हशा झाला. महाराज लाल झाले, पण मागे हटले नाहीत. "लोक घाबरले म्हणून मांडला. आणि खरं सांगू? मीपण घाबरलो होतो. अजूनही थोडा घाबरलेलाच आहे. यज्ञ चालू राहील. देवाचं नाव घ्यायला काही बिघडत नाही. पण कोणाची झाडं वाळवून नाही."

चंद्रभानच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं. त्यानं बायकोकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "बैल घेऊन जाय तू. मी बसलो ते बसलो. पाच तारखेपर्यंत देवापुढे शब्द देल्ला. उठलो अन् काई झालं तं?"

माणिकबाईनं फुलं मांडवात ओतली, बैल सोडले, आणि एकटीच कोसभर हाकत नेले.

आता एक गोष्ट आहे. त्या गावात बाईनं मोट हाकायची नाही अशी रीत होती. बाईनं बैलांच्या मागं धावेवर, म्हणजे विहिरीकडच्या त्यांच्या उताराच्या वाटेवर, जायचं नाही, विहीर आटते म्हणायचे. एकतीस तारखेला सकाळी माणिकबाईनं नऊवारीचा काष्टा आवळला, बैल जुंपले आणि धावेवर उतरली. मोटेचा नाडा करकरला, मोट वर आली, थारोळ्यात, विहिरीच्या काठावरच्या दगडी कुंडीत, भडाभडा ओतली. पाणी दांडातून वाहत निघालं. पहिल्या झाडाच्या आळ्यात गेलं तेव्हा कोरड्या मातीनं असा आवाज केला, चर्र, जसा तव्यावर होतो. ती तिथंच उभी राहून रडली. मग डोळे पुसले, कारण चार मोटा एका झाडाला, मग पळत जाऊन दांड फिरवायचा, मग परत धावेवर, पुढच्या चार मोटा. दोन माणसांचं काम एकटीनं. दिवसाला एकच ओळ व्हायची. ओळी सहा, आणि कोरडा दांड भिजत भिजतच पुढे जायचा, म्हणून शेवटची ओळ शेवटीच.

दुसऱ्या दिवशी जानराव बांधावर येऊन उभा राहिला. "वयनी, आंधीच जग बुडून राह्यलं. तुमी मोट हाकून लवकर बुडवता काय?"

"बुडालं तं बुडालं! झाडाले पानी तं भेटन!"

तो हसत हसत गेला. पण गावातल्या दोन म्हाताऱ्या आल्या त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, विहीर आटली तर तुझ्या एकटीची नाही आटणार, साऱ्या शिवाराची आटेल. माणिकबाई बैलांना थांबवून म्हणाली, "आजी, आटली तं मी खोदीन. आता सरका, बैल येऊन राह्यले."

हात सोलले. मोटेच्या नाड्यानं नाही, बैलांच्या कासऱ्यानं. फडकं गुंडाळलं. तिसरी ओळ झाली. तीन फेब्रुवारीला चौथी. आकाश नेहमीसारखंच होतं. तिनं दोन-तीनदा वर पाहिलं, खोटं कशाला सांगायचं. भीती तिलाही होतीच. पण तिनं मनाशी हिशेब असा लावला होता: संपलं तर झाडंही संपतील, मी पण संपेन, तक्रार करायला कोणी उरणार नाही. आणि नाही संपलं, आणि मी पाणी सोडलेलं नसलं, तर? तर त्या एकशेवीस वाळक्या झाडांकडे बघत उरलेलं आयुष्य काढायचं. त्यापेक्षा प्रलय परवडला.

चार तारीख, रविवार. लोक म्हणत होते संध्याकाळी साडेपाचला. गावात चिटपाखरू नव्हतं, सगळे मांडवात. पाचवी ओळ संपत आली होती. ऊन उतरायला लागलं तसा लांबून मांडवातल्या शंखांचा आवाज यायला लागला, एकामागून एक. बैलांनी कान टवकारले. माणिकबाईचे हात थांबले नाहीत. मोट वर आली, ओतली. मोट खाली गेली.

आणि थोड्या वेळानं पायवाटेवरून कोणीतरी पळत येताना दिसलं. धोतर सुटलेलं, टोपी नाही, धापा टाकत. चंद्रभान!

तो विहिरीजवळ आला आणि थारोळ्याला टेकून उभा राहिला. बोलताच येईना.

"काय झालं? शब्द देल्ला व्हता ना देवाले?"

"देल्ला व्हता," तो म्हणाला. "पन सारे डोये मिटून बसले, शंख वाजले, अन् माह्या मनात आलं... मराचं तं मांडवात काहून? तुह्याजवळ मराव म्हनलं."

सहा वर्षांत, नाही, तीस वर्षांत असं तो काही बोलला नव्हता. माणिकबाईला एकदम भरून आलं. पण मोट वर येत होती आणि अठराव्या झाडाचं आळं भरत आलं होतं.

"मराले सवड नाई," ती म्हणाली. "तिकडचा दांड फोडा. एकोणिसाव्या झाडाकडे. लवकर, पानी वाया चाललं!"

चंद्रभाननं धोतर खोचलं, फावडं उचललं आणि पळाला. साडेपाच वाजले, पावणेसहा वाजले, कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. दिवस मावळेपर्यंत पाचवी ओळ संपली होती आणि सहावीतली दोन झाडं. दुसऱ्या दिवशी दोघांनी उरलेली केली. तो बैलांमागे, ती दांडावर. मध्येच तो म्हणाला, "तुले मोट हाकाले बरी जमते वं." ती म्हणाली, "आता तुमीच हाका. माह्ये हात पाहा." त्यानं पाहिले, आणि मग दिवसभर कासरा हातातून सोडला नाही.

फेब्रुवारी सरता सरता पाच ओळी फुलल्या. असा वास की रस्त्यानं जाणारी गाडी थांबायची. नारायण महाराज मुद्दाम बघायला आले, झाडाखाली उभे राहिले, आणि संकल्प म्हणायची वेळ नव्हती तरी ओठ हलवत राहिले. विहीर आटली नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण सहाव्या ओळीतली अकरा झाडं गेली. मुरमावरची. साल खरवडली तर आत तपकिरी, कोरडी. माणिकबाईनं प्रत्येक खोडाला हात लावला. चंद्रभान मागे उभा होता. तो म्हणाला, "माह्यानं झालं हे." ती "हौ" म्हणाली. खोटा दिलासा द्यायची तिला सवय नव्हती. मग म्हणाली, "खड्डे तुमीच खना."

त्यानं एप्रिल-मेच्या उन्हात मुरूम फोडून एकट्यानं अकरा खड्डे खणले, कमरेएवढे, आणि बाहेरून काळी माती आणून भरली. जुलैत शेंदुरजन्याहून अकरा कलमं आली. लावताना जानराव बांधावर हजर, तो कुठं चुकतो!

"चंद्रभान, फळ कवा लागन याले?"

"सा वर्षानं. अडसष्टले."

"तवापर्यंत राह्यते काय रे जग? पुन्हा एखांदी अष्टग्रही आली तं?"

माणिकबाई तोंड उघडणार तोच चंद्रभाननं कलम तिच्या हातातून घेतलं, खड्ड्यात उभं धरलं आणि मान वर न करता म्हणाला, "पहिला पाय हाये अजून. तू माती लोट वं."